रक्कम आली कोठून?

आमचे अण्णा सांगलीत हळदीची अडत करीत. दुकानातील गादीवर बसून ते रोजची कीर्द लिहीत आणि आठवड्यातून एकदा ती खतावणीत उतरवीत. शाळेतून परतताना मी दुकानात डोकावलो की मला बेरजा तपासण्यास बसवले जाई. बेरीज चुकली तर ते रागावत नसत. मात्र एखादी रक्कम नुसतीच लिहिलेली आढळली आणि ती कोणाकडून आली किंवा कोणास गेली याचा उल्लेख शेजारी नसला, तर चष्मा काढून ते विचारीत, "रक्कम आली कोठून?" पुढे मी एम.कॉम.पर्यंत द्विनोंदी पद्धतीचा अभ्यास केला आणि छत्तीस वर्षे बँकेत तीच पद्धती वापरली. तरीही अण्णांच्या त्या प्रश्नाचा पुरता अर्थ मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, घरच्या संगणकासमोर बसल्यावर उमगला. त्याची हकीकत येथे सांगतो. आपल्या समाजातील बहुतेक घरांत दुकानाचे हिशेब चोख असतात, पण घरच्या गुंतवणुकीचे हिशेब पिशवीत असतात. म्हणून माझी चूक इतरांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

नोकरीत असताना प्राप्तिकराची चिंता फारशी नसते. बँक पगारातून कर कापीत असे आणि वर्षअखेर फॉर्म १६ हाती देत असे. मी २०१७ साली निवृत्त झालो आणि उत्पन्नाचा एक मोठा प्रवाह जाऊन त्याचे पाच-सहा झरे झाले. निवृत्तिवेतन, तीन ठिकाणच्या मुदत ठेवी, टपाल खात्यातील ज्येष्ठ नागरिक बचत योजना, अण्णांकडून आलेले काही समभाग आणि म्युच्युअल फंडांचे मासिक हप्ते. पूर्वी यांतील पुष्कळसे उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवले की काम भागत असे. १ एप्रिल २०१८ पासून बाजारात नोंदलेले समभाग आणि समभागाधारित फंड यांवरील दीर्घकालीन नफा ठरावीक मर्यादेपलीकडे करपात्र झाला. १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरील कर कंपनीऐवजी भागधारकाने भरावयाचा झाला. तेव्हापासून शंभर रुपयांच्या लाभांशाचीही नोंद ठेवणे भाग पडले. मी मात्र, आयुष्य बँकेत घालवलेला माणूस, जून महिना आला की पासबुके, ठेवींच्या पावत्या आणि फंडांची पत्रके एका कापडी पिशवीत भरून आमच्या सीएंच्या टेबलावर नेऊन ठेवीत असे.

२०२३ च्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला, तेव्हा त्याने माझ्या संगणकावर ग्नूकॅश नावाचे सॉफ्टवेअर बसवून दिले. ते विनामूल्य आहे आणि जगभरातील स्वयंसेवकांनी घडवलेले आहे. आपली माहिती आपल्याच संगणकावरील फाइलमध्ये राहते, हे मला विशेष भावले. मुख्य म्हणजे त्याचा पाया द्विनोंदीचा आहे. मालमत्ता, देणे, उत्पन्न, खर्च आणि भांडवल ही त्याची मूळ खाती; त्यांच्या पोटात आपल्याला हवी तितकी उपखाती उघडता येतात. हिशेबी वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे एकदा सांगून ठेवले की अहवाल त्याप्रमाणे निघतात. अण्णांचे वर्ष दिवाळीला, वीर निर्वाण संवताबरोबर बदलत असे. करनिर्धारण वर्ष १९८९-९० पासून सर्वांना ३१ मार्च हीच वर्षअखेर सक्तीची झाली, तेव्हा "सरकारचं वर्ष वेगळं आणि आपलं वेगळं" असे म्हणून ते हसले होते. त्यांची आठवण काढतच मी पहिले खाते उघडले.

आरंभीच एक नियम केला. प्रत्येक पॅन क्रमांकाची वही वेगळी. माझी एक फाइल, पत्नीची दुसरी. घर एक असले तरी कर माणसागणिक असतो, आणि एकाच वहीत दोघांचे व्यवहार लिहिले की जूनमध्ये ते वेगळे करण्यात आठवडा जातो. त्यानंतर उत्पन्नाची उपखाती विवरणपत्रातील रकान्यांना अनुसरून उघडली: बचत खात्याचे व्याज, मुदत ठेवीचे व्याज, लाभांश, अल्पकालीन भांडवली नफा, दीर्घकालीन भांडवली नफा. खात्यांची नावे विवरणपत्राशी जुळली की वर्षअखेर काही शोधावे लागत नाही.

काम करू लागलो तसे माझ्या पिशवीतील चुका एकेक करून बाहेर पडू लागल्या. समजा, तेव्हाच्या नियमांप्रमाणे, एका कंपनीने आठ हजार रुपये लाभांश जाहीर केला आणि दहा टक्के कर कापून बँकेत सात हजार दोनशे जमा केले. पासबुकात ७,२०० दिसतात, म्हणून मी इतकी वर्षे तेवढाच लाभांश धरीत आलो होतो. खरी नोंद तीन ओळींची असते. लाभांशाचे उत्पन्न ८,०००, बँकेत आलेले ७,२०० आणि सरकारकडून येणे असलेला टीडीएस ८००. हे आठशे रुपये 'मालमत्ता' या सदरात राहतात आणि विवरणपत्र भरताना त्यांची वजावट मिळते.

मुदत पूर्ण झाल्यावर एकरकमी मिळणाऱ्या ठेवीचेही तसेच आहे. हाती पैसा येत नाही, म्हणून आपण पाच वर्षे गप्प राहतो. बँक मात्र दरवर्षी साठलेल्या व्याजाची माहिती सरकारला देते आणि त्यावर कर कापते. मग शेवटच्या वर्षी पाच वर्षांचे व्याज एकदम दाखवले की आधीच्या वर्षांच्या करकपातीशी त्याचा मेळ बसत नाही. आता मी दर ३१ मार्चला त्या वर्षाचे व्याज उत्पन्नात घेतो आणि ठेवीच्या रकमेत मिळवतो.

फंडांच्या बाबतीत प्रत्येक मासिक हप्ता ही स्वतंत्र खरेदी असते आणि विक्रीच्या वेळी आधी घेतलेली युनिटे आधी विकली गेली असे मानले जाते. सॉफ्टवेअर हा हिशेब बिनचूक ठेवते. एका योजनेतून दुसऱ्या योजनेत पैसे वळवले तरी कायद्याच्या दृष्टीने ती विक्रीच असते, हेही वही लिहितानाच मनावर ठसले.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यातील तयार कर-अहवाल परदेशी नमुन्यांसाठी आहेत; आपल्या विवरणपत्राचा नमुना त्यात नाही. ३१ जानेवारी २०१८ पूर्वी घेतलेल्या समभागांची खरेदी किंमत ठरवताना त्या दिवसाचा बाजारभाव विचारात घ्यावा लागतो, हा आपल्या कायद्यातील नियम त्याला ठाऊक नाही. तो हिशेब मी स्वतंत्र तक्त्यात करतो. सॉफ्टवेअर आपली नोंद नीट ठेवते, कायदा आपणच जाणून घ्यावा लागतो.

२०२४ च्या जूनमध्ये मी दोन्ही वह्यांचे अहवाल काढले आणि ते प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहितीशी, म्हणजे ज्याला आपण एआयएस म्हणतो त्याच्याशी, ताडून पाहिले. बँकांचे व्याज, लाभांश, फंडांची विक्री अशी दुसऱ्यांनी आपल्याबद्दल सरकारला कळवलेली माहिती तेथे एकत्र दिसते. दोन दिवसांच्या खटपटीनंतर माझी वही तिच्याशी पैशापर्यंत जुळली. पत्नीचीही जुळली. बँकेत तेरीज जुळल्यावर होत असे तसा आनंद मला झाला. कागद नीट लावले, टाचणी मारली आणि चहा मागितला.

चूक जुळणीत नव्हतीच. पत्नीच्या वहीत तिच्या मोठ्या मुदत ठेवीची नोंद मी 'आरंभीची शिल्लक' या खात्यातून उचलली होती. वही नव्याने सुरू करताना असे करावेच लागते. पण अण्णांच्या तालमीत वाढलेल्या मनाला ते अपुरे वाटले. ठेव पहिल्यांदा केली त्या २०१७ सालापासूनच्या नोंदी लिहून काढाव्यात म्हणून मी बसलो. तारीख घातली, बारा लाख रुपये लिहिले, ठेवीचे खाते निवडले आणि दुसऱ्या बाजूचा रकाना क्षणभर रिकामा ठेवून पुढे गेलो. ग्नूकॅशला एकाच बाजूची नोंद चालत नाही. दुसरी बाजू आपण दिली नाही तर ते स्वतः एक खाते उघडून रक्कम तेथे टाकते. त्या खात्याचे नाव 'इम्बॅलन्स-आयएनआर', म्हणजे रुपयांतील असमतोल. पडद्यावर बारा लाखांचा असमतोल उभा राहिला.

रक्कम आली कोठून? ती माझ्या निवृत्तीच्या लाभांतून आली होती. ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे मिळाले, तेव्हा त्यांतील बारा लाख मी पत्नीच्या नावे पाच वर्षांसाठी ठेवले होते. तिला अन्य मोठे उत्पन्न नसल्याने तिच्या नावावरील व्याजास कर लागत नसे. दर एप्रिलमध्ये तिची सही घेऊन मी १५जी, आणि तिला साठ पूर्ण झाल्यावर १५एच देत असे.

मला नियम ठाऊक नव्हता असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पतीने पुरेशा मोबदल्याशिवाय पत्नीच्या नावे पैसा केला, तर देणगी वैध असते. पण त्या पैशाचे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात मिळवायचे असते. तेव्हाच्या प्राप्तिकर अधिनियमाचे कलम ६४ हेच सांगत होते. हे मी एम.कॉम.ला वाचले होते आणि खिडकीपलीकडच्या ग्राहकांना कधीमधी सांगितलेही होते. स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा 'घरातल्या घरात काय' असे म्हणून मी ते मनाआड केले. सरकारच्या माहितीत व्याज तिच्या नावावर, तिच्या वहीतही तिच्याच नावावर. दोन्हीकडे तेच असल्यामुळे सगळे जुळत होते.

मी आत जाऊन पत्नीला सांगितले. ती गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

"अहो, ती ठेव माझ्या नावावर आहे ना?" तिने विचारले.

"नाव तुझं आहे. पैसे माझ्या ग्रॅच्युइटीचे होते. त्यामुळे व्याज कायद्यानं माझं धरलं जातं."

ती थोडा वेळ शेंगा मोडत राहिली. मग म्हणाली, "मग माझे पैसे कुठं गेले?"

तिला माहेरून, आईच्या मृत्युपत्राने मिळालेले तीन लाख वेगळ्या ठेवीत होते आणि ती ठेव निर्विवाद तिचीच होती. मी तसे म्हणालो. ती म्हणाली, "ते नव्हे. शिकवणीचे."

माझ्या बदल्या होत गेल्या तसे आमचे बिऱ्हाड गावोगाव फिरले. प्रत्येक गावी गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत हिच्याकडे गणिताच्या शिकवणीला मुले येऊ लागत. १९८८ पासून २०१० पर्यंत बावीस वर्षे हा क्रम चालला. मी ते तिच्या हौसेचे काम समजत असे. ती उठली आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून वह्यांचा एक गठ्ठा काढून आणला. अकरा वह्या होत्या. डाव्या पानावर मुलांची नावे आणि आलेली फी, उजव्या पानावर त्याच पैशांचा खर्च. दूध, किराणा, मुलाच्या शाळेची फी, अण्णांच्या शेवटच्या आजारातील औषधे, मंदिराच्या जीर्णोद्धाराची देणगी. प्रत्येक महिन्याच्या तळाशी बेरीज आणि शिल्लक. एम.कॉम. मी झालो होतो. पण घरात नोंदीच्या दोन्ही बाजू लिहिणारी व्यक्ती दुसरीच होती.

त्या वह्यांची बेरीज करण्यास आम्हांला दोन दिवस लागले. ती ४,८७,३५० रुपये भरली. दोन वह्या एका बदलीत हरवल्या होत्या, त्यांचा हिशेब सोडून दिला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की माझा पगार ठेवींत जाऊ शकला, याचे कारण तिची मिळकत घरखर्चात गेली होती. माझी बचत कागदावर राहिली आणि व्याजाने वाढली. तिची मिळकत खाण्यापिण्यात संपली, म्हणून तिच्या नावावर काही उरले नाही. कायदा ठेवीच्या मागचा पैसा पाहतो. घर कोणाच्या पैशावर चालले हे पाहण्याची सोय त्यात नाही.

सीएंना विचारले. त्यांनी वह्या आदराने पाहिल्या, पण म्हणाले, "काका, हा पैसा घरात खर्च झाला. तो त्या बारा लाखांचा मोबदला ठरणार नाही. त्या वेळी उलट केलं असतं, काकूंची फी ठेवीत आणि तुमचा पगार घरखर्चाला, तर त्या ठेवीचं व्याज आज खरोखर काकूंचं असतं." कर तेवढाच वाचला असता आणि तोही सरळ मार्गाने.

त्यांनी आणखी एक बारकावा दाखवला. बारा लाखांची ठेव सात टक्क्यांनी पाच वर्षांत १६,९७,७३४ रुपयांची झाली आणि २०२२ मध्ये ती सारी रक्कम साडेसहा टक्क्यांनी, दर तिमाहीस व्याज घेण्याच्या बोलीने पुन्हा ठेवली होती. आता वर्षाला सुमारे १,१०,३५३ रुपये व्याज मिळते. त्यांतील मूळ बारा लाखांवरचे ७८,००० रुपये माझ्या उत्पन्नात मिळवायचे. पण पहिल्या पाच वर्षांत साठलेल्या व्याजावर मिळणारे उरलेले ३२,३५३ रुपये तिचेच, कारण दिलेल्या पैशाच्या उत्पन्नातून पुढे जे उत्पन्न होते त्यास हे कलम लागत नाही. असा विभाग पिशवीतील कागदांवरून कधीच करता आला नसता. वहीत मूळ रक्कम आणि साठलेले व्याज यांची दोन खाती केली आणि तो आपोआप होऊ लागला.

जुलैअखेर भरलेल्या विवरणपत्रात मी त्या वर्षाचे ७८,००० रुपये माझ्या उत्पन्नात घेतले. माझ्या २० टक्क्यांच्या टप्प्यात, उपकरासह, १६,२२४ रुपये कर जास्त भरला आणि मागचे मागे सोडून द्यावे असे ठरवले. खात्याकडून नोटीस आली नव्हती, येण्याचे चिन्हही नव्हते.

सप्टेंबरात दशलक्षण पर्व आले. या दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांचे रोज एक असे वाचन-विवेचन होते. सातव्या दिवशी व्रतांचा सातवा अध्याय होता. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत आचार्य उमास्वामींनी विरुद्धराज्यातिक्रम सांगितला आहे. राज्याचे नियम ओलांडून लाभ घेणे असा त्याचा अर्थ, आणि आजचे विवेचक करचुकवेगिरी त्यातच गणतात. त्याच्याच जोडीला खोट्या वजनमापांचा अतिचार येतो. लहानपणापासून मी हा अध्याय ऐकत आलो आहे. वजनमापांचा उल्लेख आला की मला अण्णांचा तराजू आठवतो. शेतकऱ्याच्या पोत्यातील हळद तोलताना तागडीला बोटही लागू नये याची ते काळजी घेत. दुसरा अतिचार मी नेहमी दूर कोठेतरी, तस्करी करणाऱ्या लोकांसाठी लिहिलेला समजत असे. त्या दिवशी तो मांडी घालून माझ्याच शेजारी बसला.

मंदिरातून परतताना मी पत्नीला म्हणालो, "मागच्या वर्षांचंही भरावं म्हणतो."

"मी जूनपासून त्याचीच वाट बघत होते," ती म्हणाली. "देणं आहे ते देऊन टाका. पण वहीत माझंही लिहा."

कायद्यात यासाठी दार आहे. २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्र भरण्याची तरतूद झाली आहे. राहिलेला कर, लागू असल्यास त्यावरील व्याज आणि या दोहोंच्या बेरजेवर आणखी काही टक्के रक्कम भरावी लागते. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत २५ टक्के, चोवीस महिन्यांच्या आत ५० टक्के. त्या ऑक्टोबरमध्ये मी दोन वर्षांची अशी विवरणपत्रे भरली. त्यांतील जुन्या वर्षात ८४,००० रुपये व्याजावर १७,४७२ रुपये कर आणि त्यावर ८,७३६ रुपये अधिक पडले. २०२५ च्या अर्थसंकल्पाने ही मुदत अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत वाढवली. तिसऱ्या वर्षास ६० आणि चौथ्या वर्षास ७० टक्के. म्हणून त्यानंतर आणखी एका वर्षाचे भरले. त्याआधीच्या वर्षांचे दार बंद झाले आहे. तेवढ्या रकमेचे दान करून मोकळे व्हावे असे एकदा मनात आले होते. दान हे दान असते आणि देणे हे देणे, म्हणून ती बाकी मी माझ्या वहीत 'न भरलेला कर' या खात्यावर तशीच ठेवली आहे. ती दिसत राहावी.

पत्नीचे लिहिण्याचेही काम केले. माझ्या वहीत 'देणे' या सदरात तिच्या नावाचे खाते उघडले आणि त्यात ४,८७,३५० रुपये तिच्या नावे जमा केले. दुसरी बाजू घरखर्च. प्राप्तिकराच्या दृष्टीने या नोंदीस काही मोल नाही हे आम्ही दोघेही जाणतो. त्यातून मी तिला काही रक्कम दिली तरी तिच्यावरील व्याज मी माझ्याच उत्पन्नात दाखवतो. पण ही नोंद झाल्यापासून माझा ताळेबंद मला खरा वाटू लागला आहे.

वाचकांसाठी दोन शब्द. व्यापारी कुटुंबांत पैसा नावानावांवर विभागून ठेवण्याची रीत जुनी आहे. पत्नी, सून आणि अज्ञान मुले यांच्या नावे ठेवलेल्या पैशाचे उत्पन्न बहुधा देणाऱ्याकडे अथवा आईवडिलांकडे परत येते. स्वतःची मिळकत एकत्र कुटुंबाच्या खात्यात टाकली तरी हीच गत होते. सज्ञान मुलामुलीस किंवा आईवडिलांस दिलेल्या पैशास मात्र हे कलम लागत नाही. नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. हे तत्त्व त्यातही कायम आहे. तेव्हा वही कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये लिहा अथवा कागदावर लिहा, प्रत्येक ठेवीच्या पहिल्या नोंदीपुढे पैसा कोणाचा हे लिहून ठेवा. दहा वर्षांनी ते आठवत नाही, आणि आठवले तरी सोयीचे तेवढेच आठवते. आणि घरातील स्त्री चार पैसे मिळवत असेल, तर तिची मिळकत तिच्या नावे गुंतवा आणि किराणा दुसऱ्याच्या पगारातून आणा. आमची सून पुण्यात घरी शिकवण्या घेते. पत्नीने तिला फोनवर हेच सांगितले आणि पुढच्याच महिन्यापासून तिच्या नावे फंडाचा हप्ता सुरू झाला, तो तिच्या स्वतःच्या फीमधून.

आता दर रविवारी मंदिरातून आल्यावर अर्धा तास आम्ही दोघे संगणकासमोर बसतो. माझी वही मी लिहितो, तिची ती लिहिते. परवा मी तिच्या खात्यात पाच हजार रुपये पाठवले होते. तिने तारीख घातली, रक्कम लिहिली, आपले बचत खाते निवडले आणि दुसऱ्या रकान्यापाशी थांबून माझ्याकडे पाहिले.

"रक्कम आली कोठून? तुम्ही दिलेत म्हणून लिहू, की माझ्या येण्यातले?"

"तुझ्या येण्यातले," मी म्हणालो आणि माझ्या वहीत देण्याच्या खात्यातून पाच हजार कमी केले.